पुढच्या दोन सीट

"आंटी, जरा उठा हां. सीट चुकलीय तुमची."

विमानातला कोटवाला अधिकारी हे आईला म्हणाला. मला नाही. हसत म्हणाला. आणि आई उठायलाही लागली. ऑपरेशननंतर तिचा डावा गुडघा वाकत नाही. समोरची सीट धरून, ओठ दाबून ती उठत होती. वर त्यालाच म्हणाली, "सॉरी हां बाळा."

सीट चुकली नव्हती. पाय सरळ ठेवता यावा म्हणून मी पुढच्या, महागड्या केबिनची दोन तिकिटं काढली होती. आमचं घर घाटकोपरला, विमानांच्या उतरायच्या वाटेखाली. जन्मभर आम्ही विमानांची पोटं तेवढी पाहिली. त्यामुळे माझा उत्साह विचारू नका. लग्नातला शर्ट घातला होता, श्वास रोखला की त्याची बटणं लागतात. बसल्या बसल्या सीटचं बटण दाबलं तर पाय वर, डोकं खाली. आई खुदकन हसली. "अरे, आडवा काय होतोस? दवाखाना आहे का हा?"

ते हसू ओसरायच्या आत तो आला.

"तिकीट याच केबिनचं आहे," मी मोबाईल पुढे केला. त्याने आडनाव वाचलं. आईच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"केबिन हीच, सर. पण तुमचा फेअर क्लास खालचा. विमान छोटं आलंय, सीट कमी पडतात. खालच्या क्लासवाल्यांना मागे जावं लागतं."

ही भानगड मला ठाऊक होती. एकाच केबिनची तिकिटं वेगवेगळ्या भावाने विकतात, प्रत्येक भावाला एक इंग्रजी अक्षर. म्हणून मी आधी फोन करून विचारलं होतं. पलीकडची मुलगी म्हणाली होती, "अक्षर कुठलंही असो, जागा तुमचीच."

"मग या सगळ्यांची अक्षरं तपासलीत?"

तो नुसता हसला. तपासली नव्हती. दारातून तो थेट आमच्याकडे आला होता.

शेजारचे गृहस्थ मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "बसा ना भाऊ मागे. पोचायचं तर एकदमच आहे."

"मग तुम्ही जा ना."

कुणी हसलं नाही. मागचा पडदा कुणीतरी ओढून घेतला. विमानाचं दार अजून उघडं होतं.

मी तसा भित्रा. रिक्षावाला नाही म्हणाला तरी सॉरी मीच म्हणतो. पण आई अर्धी उठून, सीट धरून उभी होती. तिला असं उठताना मी आयुष्यभर पाहिलंय. बँकेत. दवाखान्यात. माझ्या शाळेत. कुणी नुसतं बघितलं की ती उठायची. मागोमाग मी.

"आई, बस."

"नको रे तमाशा."

"बस गं तू."

ती बसली. मी तिचा पट्टा लावला. मग माझा.

"सिक्युरिटी बोलवावी लागेल, सर." हसू तसंच.

"बोलवा."

आम्हाला उतरवलं. शिडीवर आई आडव्या पावलाने एकेक पायरी उतरली. धरायला गेलो तर हात झटकला. मला वाटलं, रागावली. खाली पोचल्यावर म्हणाली, "परत काढ तिकीट. पुढचंच."

काढलंय. परवा निघतोय. आज सकाळी मेसेज आला: विमान बदललंय, सीट बदलू शकते.

येऊ दे त्याला हसत. या वेळी आई अर्धीही उठणार नाही. उचलून न्यावं लागेल. दोघांनाही. सगळ्यांच्या देखत.