शुक्रवारची बैलगाडी

लहानपणी मला पवित्र शास्त्रातली वचनं लवकर पाठ व्हायची नाहीत, पण मागच्या पानांवरचे नकाशे तोंडपाठ होते. प्रेषित कुठल्या बंदरातून निघाले, कुठे उतरले, कुठे त्यांचं जहाज फुटलं, त्या तुटक रेघांवरून मी बोट फिरवत बसायची. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर. समुद्र मी फक्त त्या नकाशातल्या निळ्या रंगात पाहिला होता. सोळाव्या वर्षी उपासनेत उभी राहून मी आयुष्य सेवेला वाहते असं सांगितलं, तेव्हा आई रडली आणि वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खोटं बोलत नव्हते. पण डोळे मिटले की प्रभूच्या मागे मला एक लांबलचक वाटही दिसायची, आणि त्या दोघांतलं मला जास्त काय ओढतंय हे मी कधी तपासून पाहिलं नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा मला पनवेलला पाठवलं. तिथे मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तो एक नर्सबाई चालवत. पन्नाशीच्या, विधवा, जाड भिंगांचा चष्मा. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. त्यांच्याबरोबर गावोगाव जायचं, औषधांची पेटी उचलायची, चार बायका जमल्या की गीत म्हणायचं आणि प्रभूची गोष्ट सांगायची, हे माझं काम. सोमवारी शिरढोण, बुधवारी गव्हाणची मिठागरं, शुक्रवारी आपटा आणि तिथून वर डोंगराच्या पायथ्याची कातकरी वाडी.

बाईंना चालणं मुळीच आवडत नसे. गुडघे धरून कण्हत चालायच्या. मी मात्र पुढे पळायची. खाडीच्या बांधावरून जाताना दूर एखादं शीड दिसलं की थांबायची. एकदा बाईंनी मला गाठलं आणि धापा टाकत विचारलं, "काय गं, तुला गावं आवडतात की गावातली माणसं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"बरं," एवढंच म्हणून त्या पुढे चालू लागल्या.

नाताळ होऊन महिना झाला होता. वाडीत एक पोटुशी पोर होती, विशीचीही नसेल. पहिलटकरीण. बाईंनी तिच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो तसाच राहिला. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं ती सांगत होती. बाईंचा चेहरा उतरला. "हिला आजच पनवेलला न्यायला हवं," त्या म्हणाल्या. पण तिचा नवरा कोळशाच्या भट्टीवर गेला होता आणि त्याला विचारल्याशिवाय सासू तिला पाठवायला तयार नव्हती. तो गुरुवारी येणार होता. शेवटी ठरलं, की पुढच्या शुक्रवारी आम्ही आपट्याहून बैलगाडी घेऊन येऊ, वाडीखालच्या चिंचेपाशी थांबू आणि तिला नेऊ. मी स्वतः त्या सासूला सांगितलं, "शुक्रवारी येते. नक्की."

मंगळवारी बाई हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. दातावर दात आपटत मला म्हणाल्या, "शुक्रवारी तू एकटी जा. गाडी आणायला विसरू नकोस."

बुधवारी निरोप आला. मिशनची काही मंडळी मुंबईहून बोटीने खाली कोकणात निघाली होती, किनाऱ्यावरच्या गावांतून सुवार्ता सांगत. त्यांच्यातली गाणारी आजारी पडली म्हणून तिच्या जागी कुणी हवी होती. गुरुवारी सकाळीच निघायचं.

ते पत्र मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. शुक्रवार मला आठवला नाही असं नाही. लगेच आठवला. म्हणून मी आमच्या प्रचारकांकडे गेले आणि त्यांना म्हटलं, "शुक्रवारी वाडीवर जाल का? गाडी तेवढी न्यायची आहे." ते दारात कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "बघतो. जातो." किती निकडीचं आहे हे मी त्यांना नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मलाच विचारलं असतं, मग तुम्ही का जात नाही? बाईंना तापात कशाला त्रास, असं म्हणून मी त्यांनाही विचारलं नाही. एक चिठ्ठी उशाशी ठेवली. प्रभूचंच काम आहे, असं लिहिलं.

उरणच्या बाजूने लाँच धरून मी मुंबई गाठली आणि तिथून बोट. बोटीवर मला वांत्या झाल्या, तरी मी आत गेले नाही. कठडा धरून पाहत राहिले. किनारा हळूहळू सरकत होता, माडांच्या रांगा, मध्येच एखादा किल्ला. आयुष्यात मी इतकी सुखी कधी झाले नव्हते. तो शुक्रवार होता. हे आज मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नऊ दिवसांनी शनिवारी परतले. बाई उठून बसत होत्या, पण अशक्त. "वाडीचं?" त्यांनी विचारलं. "प्रचारक गेले होते," मी म्हटलं, माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकांनी मला प्रवासाची साक्ष द्यायला उभं केलं. मी समुद्राबद्दल बोलले, वाळूत बसून ऐकणाऱ्या कोळणींबद्दल बोलले. मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. उपासना संपल्यावर प्रचारक बाजूला येऊन हळूच म्हणाले, "ताई, त्या शुक्रवारी मला जमलं नाही. घरी पाहुणे आले. सोमवारी गेलो. पण तोवर..."

सोमवारी बाई आणि मी वाडीवर गेलो. त्यांना उभं राहवत नव्हतं, तरी आल्या. सासू खोपटापुढे सुकलेली पानं निवडत होती. तिने मान वर केली नाही. बाईंनी विचारल्यावर बोलू लागली, पण माझ्याकडे पाहून.

"आमी तिला चिंचेखाली आणून बसवली व्हती. लेक भट्टीवरनं आला व्हता, त्यानं न् मी धरून आणली. लुगडं धुवून नेसवलं. दिस मावळंतवर बसली बाय. गाडी वाजली की उठायची. मंग परत वर नेली. पहाटं झटकं आलं."

"आणि मूल?" बाईंनी विचारलं.

"पोटातच ऱ्हायलं."

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिने पाय आखडून घेतले. "आता नको," ती म्हणाली, आणि पानं निवडू लागली.

परतताना बाई चिंचेपाशी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून बोटीच्या कठड्यापर्यंत. वाटलं, त्या रागावतील. मला ते हवंच होतं.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "गाडी आणली असती तरी ती वाचली असती, असं नाही सांगता येत."

"पण वाचली असती कदाचित."

"हो," त्या म्हणाल्या. "कदाचित वाचली असती." त्यांनी मला तेवढीही सूट दिली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग मी गावोगाव जाणं सोडलं. दवाखान्यात बाटल्या धुवायची, पट्ट्या उकळायची. गुडघे टेकून क्षमा मागायची. शास्त्रात क्षमेची वचनं किती आहेत ते मला ठाऊक होतं, इतरांना मीच ती वाचून दाखवायची. माझ्यापर्यंत ती पोचत नव्हती. दोन महिन्यांनी बाईंनी औषधांची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. "घरी बसून कुणाचं भलं करतेस? वाडीत तीन बायकांचे दिवस भरत आलेत."

मी गेले. दर शुक्रवारी गेले, भर पावसातही गेले. बाळंतपणं केली. पण तिथे मला प्रभूची गोष्ट सांगता आली नाही. तोंड उघडलं की ती सासू कुठेतरी उभी दिसायची. ती माझ्याकडून औषध घ्यायची नाही, आपल्या माणसांना मात्र घेऊ द्यायची. दोन वर्षांनी वाडीतली बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर गेली ती परत आलीच नाहीत. ती सासू कुठे गेली, कळलं नाही.

पुढे बाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या आणि मिशनने मला लांब लांब पाठवलं. जंगलांत, सीमेवरच्या डोंगरांत, दोनदा पुन्हा बोटीने. नकाशावर दाखवता येतील अशा पुष्कळ रेघा माझ्याही झाल्या. लोक मला निष्ठावंत सेविका म्हणतात. मी नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. एक गोष्ट मात्र मी कुठल्याच साक्षीत सांगितली नाही. त्या पोरीनंतर वर्षभरात मी एका बसच्या खिडकीत बसले होते, बस घाट चढत होती, खाली दरीत धुकं होतं. आणि माझ्या छातीत तोच जुना आनंद उसळला, जराही न बुजता, जसं काही झालंच नव्हतं. मी खिडकी लावून घेतली.