अक्कानंतरची हाक

कारवारच्या पुढे, किनाऱ्यापासून होडीने जाता येईल असं एक बेट आहे. माझा थोरला भाऊ कॉलेजात असताना तिथे मित्रांबरोबर सहलीला गेला आणि परत आला नाही. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. बेटाच्या कुठल्या बाजूने तो पाण्यात गेला, हे मित्रांपैकी कुणालाच नीट सांगता आलं नाही. शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. शेवटी अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घरी धारवाडात दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी उरकले. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

"जाळला तो दर्भ," ती नंतर म्हणाली. "माझा मुलगा नव्हे."

आमच्या घरात एक पद्धत होती. नदी, तळं, परकं शेत, कुठूनही निघताना आई सगळ्यांच्या मागे थांबायची आणि एकेकाचं नाव घेऊन म्हणायची, "चल घरी." त्याने "आलो" म्हणून ओ द्यायची. ओ मिळाल्याशिवाय पुढचं नाव नाही. माणूस निघतो, पण त्याचा जीव पाण्याजवळ रेंगाळतो, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं. क्रम धाकट्यापासून: मी, मधली बहीण अक्का, अण्णा, शेवटी अप्पा. केलगेरीच्या तळ्यावर नुसतं फिरायला गेलो तरी हे चुकत नसे. अप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. "झाली हजेरी?" ते विचारायचे. "गैरहजर असेल त्याच्या पालकांना बोलावून घ्या."

अण्णा गेल्यावर ही थट्टा बंद झाली. आईच्या हाकाही बंद झाल्या. फाटकाची कडी मात्र ती कुणाला लावू देत नसे. फाटक नुसतं लोटलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात अक्का हुबळीहून आली होती. आई जेवताना म्हणाली, "मला ते बेट बघायचंय. सगळं."

"समुद्रच बघायचा तर गोकर्णाला जाऊ की," अक्का म्हणाली. "देवही होईल."

"देवाकडे काम नाही माझं. त्याला तिथनं निघताना कुणी हाक मारली नाही. मी मारणार."

अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आणि ओ नाही आली तर?"

"तर मी तिथंच. तुम्ही या परत."

तिला कुणी अडवलं नाही. पहाटे निघालो. मागच्या सीटवर आई आणि अक्का यांच्या मध्ये दशम्या आणि शेंगाचटणीची पिशवी होती.

होडीवाल्याने आम्हाला पांढऱ्या वाळूवर उतरवलं. ओहोटी लागली की खडक वर येतात, होडी अडकते, त्याआधी या, असं त्याने बजावलं. वाळूमागे सुरूची झाडं होती. त्यांच्याखाली वारा सतत वाजत होता. आई थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "इथं नाही."

तिथून पायवाट चढत रानात शिरली. पाचशे पावलांपूर्वीचं ऊन इथे पोचत नव्हतं. वेलींनी झाडं बांधून टाकली होती आणि एका झऱ्याकाठी अळू माजलं होतं. आईने झऱ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं. "गोडं आहे," ती म्हणाली आणि पुढे निघाली. रान संपलं तिथे जांभ्या दगडाचं सपाट पठार लागलं. गवत वाळून पिवळं झालेलं, एकही झाड नाही. "आपल्या नवलूरच्या माळासारखं," अप्पा म्हणाले. एका बाजूला खाली चिखलात उभं कांदळवन दिसत होतं, तिकडे आईने पाहिलंही नाही.

पठाराच्या पश्चिमेला बेट तुटत होतं. खाली काळे खडक होते. लाट त्यांच्यात शिरायची, आत कुठेतरी आदळायची आणि आवाज मागाहून यायचा. आई बसली. आम्हीही बसलो. दशम्या कुणी खाल्ल्या नाहीत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इथनं."

कशावरून, हे मी विचारलं नाही.

खालून होडीवाल्याचा भोंगा ऐकू आला. उतरण्यासाठी आम्ही वळलो. आई मागे, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तिने माझं नाव घेतलं. "चल घरी." मी ओ दिली. तिने अक्काला हाक मारली. अक्काने ओ दिली. मग तिने अण्णाचं नाव घेतलं. ते नाव घरात बऱ्याच वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

पाण्याचा आवाज येत राहिला. भोंगा पुन्हा वाजला. आई हलली नाही. अप्पा खाली बघत होते. अक्काने तोंडावर पदर धरला होता. आई उतरणार नाही, हे तेव्हा मला कळलं.

"आलो."

आवाज पुरुषाचा होता, मोठा नव्हता. आईने मान हलवली, जसं नेहमीचं काम झाल्यावर हलवतात. "अहो, चला घरी," ती म्हणाली. अप्पांना ओ द्यायला वेळ लागला.

होडीत अप्पा माझ्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, "बरं केलंस."

"काय?"

"ओ दिलीस ते."

"मला वाटलं तुम्ही दिलीत."

अप्पांनी अक्काकडे पाहिलं. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. वर पठारावर आमच्याखेरीज कुणी नव्हतं आणि होडीवाला खाली होडीत होता. या दोन गोष्टी मी खात्रीने सांगू शकतो. त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

परतताना आईने दशम्यांची पिशवी मांडीवर घेतली. धारवाडच्या अलीकडचं रायापूर मागे पडेपर्यंत ती तशीच होती. हात अवघडले असतील म्हणून मी पिशवी मधल्या रिकाम्या जागेवर ठेवायला सांगितलं. "राहू दे," ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई फाटक धरून उभी राहिली. मी आत गेलो, अक्का गेली. अप्पा निघाले तशी तिने हात आडवा करून त्यांना थांबवलं. एक माणूस आत जायला लागतो तेवढा वेळ अप्पा थांबले. मग तिने हात खाली घेतला, अप्पा आत आले, ती आली, आणि तिने कडी लावली.