हातमोज्यांचे गठ्ठे

सीमेवर गोळीबार सुरू झाला तेव्हा मी गोरेगावच्या एका सप्लाय डेपोत नायब सुभेदार होतो. नेहमीचे पुरवठादार अपुरे पडले की लोकल पर्चेसचा हुकूम निघतो, आणि शाळेची दप्तरं शिवणारा कारखाना फौजेसाठी शिवायला लागतो. घाटकोपरचे मोहिते असेच बर्फातले हातमोजे शिवू लागले.

त्या दिवसांत सगळ्यांवर नजर होती. गेटवर दूधवाल्याची पिशवीसुद्धा तपासायचे. कुणी मोबाइल वर केला की चौकशी. मलाही ती सवय लागली.

लोडिंगच्या सकाळी आमचा ड्रायव्हर नाईक गवस गठ्ठे चढवताना थांबला. माणूस सावंतवाडीचा, बिऱ्हाड बोरिवलीत.

"साहेब, ह्यो गठ्ठो हलको लागता."

मी त्यातला एक मोजा फाडला. अस्तराच्या आत गादीतल्या स्पंजचा चुरा होता. दुसरा फाडला, तो चांगला निघाला. तिसऱ्यात पुन्हा चुरा. तपासणीला आलेले नमुने मात्र उत्तम होते.

डेपोच्या कॅप्टन मॅडमनी मोहित्यांना बोलावलं. ऑर्डर मोठी, मुदत कमी, म्हणून निम्मं काम बाहेर दिलं, असं ते म्हणाले. आत काय भरलं ते पाहिलं नाही म्हणे. बोलताना ते जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात वरून फोन आला. माल आजच निघायला हवा होता.

"सर, हे घालून पोरं पोस्टवर गेली तर बोटं कापावी लागतील," मॅडम फोनवर म्हणाल्या. "दोन दिवस द्या."

मिळाले.

मोहित्यांच्या कारखान्यातल्या शिवणाऱ्या बायकांना डेपोत घेता येईना, म्हणून शेजारच्या शाळेचा हॉल घेतला. प्रत्येक जोडी उसवायची, खराब निघाली तर नव्याने भरून शिवायची. आजूबाजूच्या सोसायट्यांतून चहा-पोहे येत होते. ते आम्ही आधी चाखून बघत होतो. प्रत्येक टेबलाशी एक जवान उभा. मी सुरेखाताईंच्या टेबलाशी होतो. दुसऱ्या दिवशी त्या शिवता शिवता थांबल्या.

"माझा भाऊ फौजेतच आहे. नुसते डोळे लावून काय उभे राहता? बसा ना, उसवायला लागा."

मी बसलो, उसवू लागलो. नजर मात्र त्यांच्या हातांवरच होती.

माल रेल्वेने वर सीमेकडे गेला. पुढच्या घाटरस्त्यासाठी आमच्याच चार गाड्या होत्या. गवस दोन नंबरवर, मी शेवटच्या गाडीत. तिसऱ्या वळणावर पहिला गोळा पडला. वायरलेस सेटवर आवाज आला.

"गाडी दोन हिट. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर नाही राहिला. ओव्हर."

गाडी बाजूला ढकलून आम्ही पुढे गेलो. उरलेल्या तीन गाड्यांतले मोजे पोस्टवर पोचले. त्या हिवाळ्यात तिथे कुणाची बोटं गेली नाहीत.

मोहित्यांचं नाव पुरवठादारांतून काढलं. चौकशीत पुढे काही निघालं नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

गवसच्या बायकोला भेटायला बोरिवलीला गेलो. दोन दिवस आधी त्या रस्त्यावर गोळीबार नव्हता, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"उशीर कोणामुळे झाला?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. मोहिते, स्पंज, हॉल. आणि खराब माल पहिल्यांदा कुणी ओळखला तेही.



"गप बसले असते तर आले असते," ती म्हणाली. "पण गप बसणारे नव्हते ते."

नाईक रमाकांत गवस. वय चौतीस.