साखरेचा शोध

"वसुधा गेली," वसुधाताईंचे यजमान, आमचे काका, फोनवर म्हणाले... आणि जरा थांबून, "पण शनिवारची बैठक मोडायची नाही, असं बजावून गेलीय हं, मृणाल." मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत होते. रडू आलं आणि मागोमाग हसूही. गेल्यावरही माणसांना कामाला लावणं वसुधाताईंनाच जमावं! आता काही आठवडे झाले, तरी त्यांच्याविषयी लिहिताना गंभीर राहता येत नाही.

ताई समुद्रजीवांच्या अभ्यासक. ओहोटीला कोकणातल्या खडकांवर उतरून तिथे चिकटून वाढणारे स्पंज हे जीव गोळा करायच्या आणि त्यांत कुठे औषध दडलंय का, ते शोधायच्या. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी नौपाड्यातल्या घरी शनिवारची बैठक सुरू केली. मी ठाकुर्लीहून जायचे, रसायनशास्त्रवाली. कल्याणहून यायचा संदीप, जीवाणूंचा अभ्यासक. शिवाय आणखी दोघं-तिघं. ताईंचा नियम भन्नाट होता. स्वतःच्या कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, दुसऱ्याचं काम समजावून सांगायचं. त्यात जो चुकेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. ताईंवर ती वेळ कधीच आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. ताईंच्या एका स्पंजापासून मी काढलेल्या पहिल्या अर्काने संदीपकडचे रोगजंतू पार मारून टाकले होते, पण नंतरचे सगळे अर्क ढिम्म. काही हाती लागलं नाही, तर संशोधन सोडून रंगाच्या कारखान्यात नोकरी धरायची, असं घरी ठरलेलं. त्यातच एका शनिवारी ताईंचं काम सांगायची पाळी माझ्यावर आली. मी त्यांना आधीच खोदून खोदून सगळं विचारून ठेवलं होतं आणि सांगता सांगता मीच अडखळले.

"ताई, पहिल्या वेळी भरती आली म्हणून तुम्ही स्पंज न धुताच आणलेले ना? आणि नंतरचे मात्र वरचा बुळबुळीत थर जाईपर्यंत धुतलेत..."

संदीप ताडकन उठला. "अगं, त्या थरातच जीवाणू राहतात! औषध तेच बनवत असणार!"

ताईंच्या स्वच्छतेला नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. आणि ताई खो खो हसत सुटल्या. "म्हणजे घर झाडता झाडता मी भाडेकरूच हाकलले की गं!" "चूक माझी, चहाही माझाच," म्हणत पदर खोचून त्या चहा करायला गेल्या, आणि आतून हाक आली, "मृणाल, साखर कुठे असते गं?" स्वतःच्याच स्वयंपाकघरात! स्वयंपाकघर काकांचं होतं, आणि काका बाजारात गेलेले. शेवटी वरच्या फळीवरून साखर मीच शोधून दिली. चहा भयंकर झाला होता. आम्ही तो मिटक्या मारत प्यायलो.

न धुतलेल्या स्पंजांच्या अर्काने रोगजंतू पुन्हा मेले. शोधनिबंधावर ताईंनी माझं नाव पहिलं घातलं. त्याच्याच जोरावर मला आजची नोकरी मिळाली, संशोधनातली. त्यांचे उपकार वगैरे म्हटलं असतं तर त्या रागावल्या असत्या. त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं, एवढंच म्हणते.

काकांच्या सांगण्याप्रमाणे त्या शनिवारी आम्ही जमलो. ताईंचं काम आता आम्हीच सांगायचं होतं. मी सांगितलं, संदीपने चूक पकडली, आणि मी चहाला उठले. साखरेच्या डब्यावर ताई नमुन्यांच्या बाटल्यांना लावत तशी चिठ्ठी होती. त्या फजितीनंतर त्यांनीच चिकटवलेली: "साखर. ठिकाण: वरची फळी. शोधक: मृणाल."

"सापडली का गं साखर?" काकांनी बाहेरून विचारलं.

"न सापडायला काय झालं? मीच तर शोधलीय!"