कासमालीचे काटे

...तर त्या हवामानवाल्या बाईनं कपाळावरची बट मागं सारली आणि सांगितलं, नारीनकडं ऊन पडेल. इकडं कासमालीच्या मेंढवाड्याबाहेर गुडघाभर बर्फ. काल इथवर आलो होतो, नाही का? तर कासमाली उठला, टीव्हीपाशी गेला, त्या बाईच्या नाकाला नाक भिडवलं आणि म्हणाला, "बाई, तुझ्या घराला खिडकी नाही का गं?"

बाई हसली आणि दुसऱ्या ढगाकडं वळली. कासमालीचा टीव्हीवाल्यांवर मुख्य राग तो हाच. ही माणसं बोलतात, पण ऐकून घेत नाहीत. घरी आलेला पाहुणा असा वागला असता तर कासमालीनं त्याला घोड्यासकट फाटकाबाहेर काढलं असतं. पण टीव्हीला बाहेर काढायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. बाहेर काढला तर शिव्या कुणाला घालणार?

टाश-बुलाक गावात सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं असं विचारलंत, तर लोक मुकाट्यानं कासमालीच्या पोप्लरच्या खांबावरल्या अँटेनाकडं बोट दाखवतील. आणि टीव्हीला सगळ्यात जास्त शिव्या कोण घालतं म्हटलंत, तरी बोट तिकडंच. बातम्या देणारा त्याच्या लेखी इस्त्री केलेल्या तोंडाचा. मालिकांमधल्या बायका कानात डूल घालून झोपतात, उठतात तेव्हा केसही विस्कटलेले नसतात, आणि तरी सकाळी उठून रडतात. "एवढी सोय असून रडायला काय झालं?" कासमाली विचारायचा. स्वयंपाकाच्या कार्यक्रमातला गडी तासभर कांदा चिरतो, मांस परततो, वास घेऊन डोळे मिटतो आणि एकालाही 'बस, जेव' म्हणत नाही. हा तर कासमालीच्या मते चोरापेक्षा हलका. फक्त कुस्ती त्याला चालायची, आणि तीही अर्धीच, कारण उरलेला अर्धा वेळ तो पंचाशी भांडायचा.

एका गोष्टीला मात्र तो शिवीही देत नसे. पोरांची कार्टून लागली की उठायचा, काल्पाक टोपी डोक्यावर चढवायचा आणि घोडीकडं जायचा. "चितारलेली जनावरं बघायला," तो म्हणायचा, "माझ्या गोठ्यात खरी कमी आहेत काय?" आणि सगळा घोळ झाला तो यातून.

कासमालीचा मुलगा बाकास बिश्केकपर्यंत मालाचा ट्रक चालवतो. त्याची बायको नूरझात, डोंगरापलीकडच्या शार्शेची मुलगी. आपल्याकडं सून सासरच्या थोरांचं नाव तोंडावाटे काढत नाही, हे काही नवं सांगायला नको. नाव घेता येत नाही म्हणून ती प्रत्येकाला आपलं एक नाव ठेवते. जुन्या सुना दिराला 'आमचा पांढरा घोडा' म्हणायच्या, सासऱ्याला 'थोरला कडा'. नूरझात लग्न होऊन आली तेव्हा पहिले चार दिवस ती सासऱ्याकडं नुसती बघत होती. टीव्हीपुढं मांडी घालून बसलेला म्हातारा, दाढी पिंजारलेली, भुवया वर, बोट त्या काचेवर रोखलेलं. पाचव्या दिवशी तिनं चहाची पियाली दोन्ही हातांनी पुढं केली आणि म्हणाली, "घ्या, तिकेनबाबा."

तिकेन म्हणजे काटा. कासमालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कड्यावरचं काटेरी झुडूप, लांडग्यालाही जवळ येऊ न देणारं! सुनेला माणसाची पारख आहे, असं तो घोड्यांच्या बाजारात चारचौघांत सांगत सुटला. ऐकणारे दाढी कुरवाळत मान डोलवायचे आणि पाठ वळली की खोगिरावर डोकं टेकून हसायचे. कारण ज्याच्या घरात टीव्ही आणि एखादं पोर आहे अशा प्रत्येकाला तिकेन ठाऊक होता. तिकेन म्हणजे दुपारच्या कार्टूनमधलं साळिंदर. काल्पाक घालतं, बिळाच्या तोंडाशी बसतं आणि जे दिसेल त्याला बोल लावतं. रागावलं की त्याचे काटे लाल होऊन उभे राहतात, रुसलं की पिवळे, आणि भूक लागली की काटे खाली पडतात.

कासमालीच्या घरात तर बायकांचा कारभारच त्यावर चालायचा. सकाळी सालीपा, म्हणजे कासमालीची बायको, चुलीपाशी आली की नूरझात हळूच सांगायची, "आई, आज पिवळे."

"पिवळे? रात्री तर लाल होते."

"बातम्या संपल्या तेव्हा लाल. झोपून उठले ते पिवळे."

"मग सायीचं कायमाक जास्त घाल पुढ्यात. दुपारपर्यंत उतरतील."

कासमालीला वाटायचं, बायका नमद्याच्या लोकरीच्या रंगांबद्दल बोलताहेत. एकदा त्यानं आतून ओरडून सांगितलंही, "लालच ठेवा गं! पिवळा टिकत नाही!" त्यावर सालीपाला डोईच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबून अंगणात जावं लागलं. बायको असून तिनं त्याला सांगितलं नाही, आणि सुनेला तरी कुठल्या तोंडानं अडवणार? चाळीस वर्षं संसार करून तिनंही कधी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. ती म्हणायची 'अहो' आणि 'आमचा म्हातारा'. लोकांपुढं फारच अंगावर आलं तर 'बाकासचे वडील'.

आता शार्शेचं सांगतो. व्याही म्हणून शार्शे माणूस वाईट नाही, पण मिरवल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. गेल्या शरदात त्यानं दाराएवढा टीव्ही आणला आणि बैठकीच्या खोलीत अशा जागी लावला की मानाची जागा बरोबर त्याच्याखाली. मान पाहुण्याला, पण सगळ्यांनी बघायचं टीव्हीकडं. जेवतानाही तो बंद करत नाही. तो बघायला म्हणून कासमालीकडचे सगळे तिथं जेवायला गेले, तेव्हा शार्शेच्या नातवानं उभं राहून आपल्या सात पूर्वजांची नावं धडाधड म्हणून दाखवली. शार्शेनं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला, कासमालीकडं तिरकं बघितलं.

"तुमच्या बाकासची बेगाइम सहाची झाली ना, व्याहीबुवा? म्हणते का सात? की तुमच्याकडं पोरीला टीव्हीच शिकवतो?"

टोमणा कुठं बसला बघा. ज्याला आपले सात पूर्वज सांगता येत नाहीत त्याला आपल्यात गुलाम म्हणतात, आणि ते शिकवायचं काम आजोबाचं. कासमालीनं हातातलं हाड खाली ठेवलं.

"वसंतात येऊ. तुमच्याच घरात, तुमच्याच या खोक्यासमोर पोरगी सात म्हणेल. नाही म्हटली तर मेंढ्याच्या डोक्याला मी हात लावणार नाही. गावातल्या गुराख्यापुढं ठेवा."

मेंढ्याचं डोकं म्हणजे व्याह्याचा मान. तो नाकारून परत जायचं म्हणजे पुढची दहा वर्षं त्या डोंगरापलीकडं तोंड दाखवायची सोय नाही. शार्शेनं "ठरलं" म्हटलं आणि ते ठरलं.

हिवाळाभर कासमालीनं नातीला शिकवलं. कसं शिकवलं म्हणाल तर टीव्हीसमोर, शिव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

"माझा बाप ओमुरझाक. म्हण."

"ओमुरझाक."

"ओमुरझाकचा बाप जोल्चू. हा बघ, हा बघ कसा खोटं बोलतोय! मान खाली घालून वाचतोय! जोल्चूचा बाप?"

"कारीप."

"कारीपचा?"

"एशिम. एशिमचा बाचिके. आजोबा, याची मान का खाली आहे?"

"लाज वाटते म्हणून. पुन्हा म्हण."

बेगाइम हुशार पोरगी. बर्फ वितळायच्या आत तिला बाचिकेपर्यंत झोपेतही म्हणता यायला लागलं. तिचा स्वतःचा बाप बाकास, ते तिला ठाऊकच होतं. आणि आजोबाचं नाव? ते शिकवायचं कासमालीच्या डोक्यातही आलं नाही. नारीनच्या बाजारात ज्याचं नाव घेतल्यावर घोडे कान टवकारतात (हे त्याचंच म्हणणं) त्याचं नाव त्याच्याच घरातल्या पोरीला शिकवायचं?

वसंतात खिंड मोकळी झाली तसे सगळे शार्शेकडं गेले. नूरझात माहेरी आली म्हणून बायकांची रडारड आणि हसणं एकदमच चाललं होतं. दस्तरखान अंथरला, तळलेल्या बोरसोकांचा ढीग पडला, घोडीच्या दुधाचा कुमिस अजून आला नव्हता म्हणून चहा फिरला. टीव्ही अर्थात चालू. कासमाली मानाच्या जागी बसला, टीव्हीकडं पाठ करून. शार्शेनं जागा दोनदा बदलायला सांगितलं, पण हा हलेना.

मांस आलं. शार्शेनं शिजवलेलं डोकं ताटात घेऊन कासमालीसमोर आणलं, पण ठेवलं नाही. हातातच धरून राहिला.

"आधी पोरगी, व्याहीबुवा."

"आधी पोरगी," कासमाली म्हणाला आणि दाढी पुढं काढून बसला. "उठ गं बेगाइम. मोठ्यानं. त्या खोक्यापेक्षा मोठ्यानं."

बेगाइम उठली. फ्रॉकच्या खिशात हात घालून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली.

"मी बाकासची. बाकास तिकेनबाबाचा. तिकेनबाबा ओमुरझाकचा. ओमुरझाक जोल्चूचा, जोल्चू कारीपचा, कारीप एशिमचा, एशिम बाचिकेचा!"

म्हणून ती बसलीसुद्धा. तिच्या हिशेबानं काम झालं होतं. पण शार्शेच्या नातवानं बोरसोक गिळला आणि ओरडला, "तिकेन? साळिंदर तिकेन? ते बघा, त्याचंच तर लागतं आपल्याकडं!" आणि कुणी थांबवायच्या आत त्यानं कळ दाबली. दाराएवढ्या टीव्हीवर दाराएवढं साळिंदर आलं.

कासमाली पाठ फिरवून बसला होता, पण आता सगळी पंगत त्याच्या डोक्यावरून मागं बघत होती, म्हणून त्यालाही वळावं लागलं.

काल्पाक घातलेलं ते जनावर बिळापुढं बसलं होतं. चंद्र उगवला तर त्याला म्हणालं, "हा काय आकार झाला? ताटाला सुद्धा जास्त अक्कल असते!" नदी दिसली तर तिला म्हणालं, "कुठं मरायला चाललीस एवढ्या घाईनं?" काटे लालभडक, उभे. मग एका उंदरानं गाजर आणून दिलं. "गाजर? याला गाजर म्हणतात?" असं विचारून त्यानं ते सगळं खाल्लं आणि उंदराला देठ परत केला.

पंगत आधी टीव्हीकडं बघायची, मग कासमालीकडं. कुणी हसत नव्हतं, सगळ्यांचे गाल मात्र फुगले होते. आणि कासमालीनं काय करावं? बोट रोखलं त्या साळिंदरावर आणि म्हणाला, "अरे कृतघ्ना, देठ परत करतोस? लाज नाही तुला?" दाढी पिंजारलेली, भुवया वर. बस्स. मग काही कुणाला आवरता आलं नाही. शार्शेची म्हातारी आई तर दस्तरखानावर आडवी झाली.

फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक नूरझात. दाराशी किटली धरून उभी, तोंड पिठासारखं पांढरं. दुसरा कासमाली. त्याला समजायला वेळ लागला, पण समजलं ते सगळं एकदम समजलं. घोड्यांचा बाजार, डोलणाऱ्या माना, लाल आणि पिवळे, सगळं. त्यानं सुनेकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

शार्शेनं डोळे पुसले आणि मग बापाच्या आवाजात गरजला, "नूरझात! सासऱ्याला जनावराचं नाव? हे वळण लावलं का आम्ही तुला?" आणि लगेच व्याह्याच्या आवाजात, अगदी मऊ, कारण मनातून त्याला उकळ्या फुटत होत्या, "काय बोलू, व्याहीबुवा. पोरगी तुमची गोड आहे. पण सहाच झाले. दुसरा तर या टीव्हीतला निघाला. आणि शब्द तुम्ही दिला होतात, मी मागितला नव्हता." असं म्हणून त्यानं ताट आपल्याकडं ओढलं. "गुराख्याला बोलावू का मग?"

सालीपानं रुमाल तोंडाशी नेला. बेगाइम आजोबाच्या गुडघ्याला टेकून बसली होती, तिला काहीच कळत नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आजोबा, मी चुकले का?"

कासमालीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, शार्शेकडं वळला आणि म्हणाला:

"पोरगी नाही चुकली, शार्शे, चुकताय तुम्ही. माझ्या घरात माझं नाव घ्यायचं कुणी? बायको घेत नाही, सून घेत नाही. सुनेनं घेतलं असतं तर आज तुम्हीच छाती बडवली असती की माझ्या लेकीला वळण उरलं नाही. घरात ज्या नावानं हाक ऐकली ते पोरीनं सांगितलं, आणि त्या नावाचा माणूस तुमच्यासमोर जिवंत बसलाय, भुकेला बसलाय, म्हणजे सात भरले. तेव्हा ते ताट इकडं सरकवा, सुरी द्या, सुनेला चहा ओतू द्या आणि ते खोकं बंद करा. आणि ज्या गाढवानं ते चितारलंय ना, त्याला कुणीतरी सांगा, साळिंदराचे काटे एवढे आखूड नसतात!"