मालनबाईंच्या मागे ठेवलेला अॅम्प

मुकुंदवाडीतल्या कचरू दाभाडेला बेस गिटार वाजवता येते, हे त्याच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही. यात गल्लीचा दोष नाही. गायन पार्टीतला बेसवाला म्हणजे लग्नातला आचारी. जेवण जमलं तर नाव यजमानाचं, आणि भाजीत मीठ जास्त झालं की सगळे त्याला शोधत मंडपामागे येतात. कचरूने हे तीस वर्षं बिनतक्रार सोसलं. एरवी तो वाळूजच्या एका कंपनीत फिटर, आणि जयंतीचे दिवस आले की अप्पारावांच्या पार्टीत बेसवाला. अप्पाराव पेटी वाजवायचे, पार्टी त्यांचीच. गाणाऱ्या मालनबाई.

मालनबाई कचरूपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या बांध्याच्या, पदर खोचून उभ्या राहायच्या आणि माईक तोंडापासून वीतभर लांब धरायच्या, कारण जवळ धरायची त्यांना गरजच नव्हती. गंगापूर असो की बिडकीन, त्यांनी बाबासाहेबांचं गाणं सुरू केलं की चुलीपुढच्या बाया हात पुसत बाहेर यायच्या. कचरू त्यांना ताई म्हणायचा, त्या त्याला कचरूभाऊ.

त्या आवाजाखाली कचरूचा बेस कसा असायचा, ते जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच बिघडलं. त्याच्या गिटारवर चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा होत्या. बारा वर्षांत बदलल्या नव्हत्या. खाली जिथं तारा अडकवतात त्या ब्रिजपाशी त्याने भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा खुपसला होता. त्यामुळे सूर 'धुम्' करून तिथल्या तिथं विझायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मालनबाईंचा शब्द येऊन बसायचा. अॅम्प, म्हणजे आवाजाचा डबा, तोही लहानसाच. तो स्टेजच्या कडेला, खाली गोणपाटाची घडी घालून, तोंड ढोलकीवाल्याकडे करून ठेवायचा. ही शिकवण अप्पारावांची. ते म्हणायचे, "बेस गाणाराच्या पायाखाली पाहिजे, कानात नाय."

चार वर्षांपूर्वी एका गावात कार्यक्रम चालू असताना शेजारच्या गल्लीत डीजे लागला. घरांवरचे पत्रे थरथरत होते. कार्यक्रम संपल्यावर तिथल्या मंडळाचे अध्यक्ष कचरूला सहज म्हणाले, "काका, तुमची गिटार बंद होती काय?"

हे कचरूला झोंबलं. खरं तर एवढी मोठी पावती त्याला कुणी दिली नव्हती. बेस ऐकूच येऊ नये आणि गाणं मात्र उभं राहावं, यासाठीच तर त्याने हयात घालवली. पण पन्नाशी ओलांडली की माणसाला कौतुकाची भूक जरा जास्तच लागते, आणि कचरू तर जन्माचा उपाशी.

मग सगळा पावसाळा मोबाईलवर व्हिडिओ बघण्यात गेला. त्याने गोल तारेने गुंडाळलेल्या खरखरीत स्टीलच्या तारा निवडल्या. सूर लांबवणारा जड पितळी ब्रिज निवडला, सैल न पडणाऱ्या नव्या खुंट्या निवडल्या, आणि पंधरा इंची स्पीकरचा अॅम्प मागवला. तो घरात आला तेव्हा बायकोला आधी फ्रिजच आलाय असं वाटलं. फिटरच तो, सगळं स्वतः बसवलं, आणि एखाद्या कारागिराने मान डोलवावी असं बसवलं. जुन्या तारा पकडीने मधोमध कापून काढल्या आणि स्पंजाच्या तुकड्यासकट घंटागाडीत टाकल्या.

पहिल्या तालमीला मालनबाई धृपदावरच थांबल्या. म्हणाल्या, "कचरूभाऊ, लई घुमतंय हो. मला माझा सा सापडंना."

"नव्या तारा हायेत ताई. चार दिसांत कान बसंल."

कुणाचा कान, ते त्याने सांगितलं नाही. अप्पारावांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पेटीचा भाता ओढला. मालनबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. अडचण एकदाच सांगायची, हा त्यांचा स्वभाव. समोरच्याने नाही ऐकलं की ती आपलीच चूक समजायची, हाही स्वभावच.

पुढच्या जयंतीला बिडकीनला कार्यक्रम होता. डांबराच्या रिकाम्या ड्रमांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. नवा अॅम्प कडेला मावेना. मावला असता तरी कचरूने तो तिथं ठेवला नसता. त्याला तो लोकांना दिसायला हवा होता. त्याने तो मधोमध, मालनबाईंच्या बरोब्बर मागे, उघड्या फळ्यांवर ठेवला. गोणपाट घरीच राहिलं होतं.

पहिल्याच गाण्याला फळ्या बोलू लागल्या. एक सूर विझायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडत होता. लांब बसलेल्या पोरांना मजा वाटत होती, पण मालनबाई उभ्या होत्या तिथं नुसती घरघर होती, त्यात सूर म्हणून धरावं असं काहीच नव्हतं. त्यांनी एका कानात बोट घातलं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला त्या वर चढल्या आणि सुराच्या खाली उतरल्या. अप्पारावांनी पेटी जोरात दाबून आधार दिला. पुन्हा चढल्या, तर आवाज मधेच फाटला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाया आपापल्या लेकरांकडे बघू लागल्या. मालनबाईंनी शेवटचं कडवं सोडलं, जय भीम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काय झालं ते कचरूला त्याच क्षणी कळलं होतं. आवाजाचं बटण हातभर अंतरावर होतं. आता एवढं गाणं होऊ दे, मग कमी करू, असं म्हणत त्याने ते गाणं होऊ दिलं. नंतर पोरं स्टेजवर चढली. "काका, काय बेस हाय राव!" एकाने तर अॅम्पला खेटून फोटो काढून घेतला.

परतीच्या जीपमध्ये मालनबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वय झालं आता. लोकं हसायच्या आत थांबावं माणसानं, मला जरा उशीरच झाला."

ताई, आवाज तुमचा नाय फाटला, माझा डबा घुमला. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्या रात्री मिळालेलं सगळं कौतुक जागच्या जागी परत करावं लागलं असतं. कचरू मागे अॅम्पला धरून बसून राहिला. त्या गप्प बसण्याची लाज त्याला आजही वाटते, आणि वाटायलाच हवी.

मालनबाईंनी गाणं सोडलं. वर्षभरात पार्टीही मोडली. त्यांच्या जागी कोण गाणार, हा प्रश्न अप्पारावांनी कुणाला विचारलासुद्धा नाही. दरम्यान मालनबाईंच्या लेकाला मुलगी झाली. नामकरणाचं आवतण आलं तेव्हा कचरूने सेकंड शिफ्ट असल्याचं सांगितलं. शिफ्ट नव्हती.

या फेब्रुवारीत त्याने पुन्हा चपट्या गुळगुळीत तारा मागवल्या, स्पंजाचा नवा तुकडा कापला, आणि एका रविवारी गिटार नि जुना लहान अॅम्प घेऊन पुंडलिकनगरात मालनबाईंच्या दारात उभा राहिला. दार त्यांची सून सुलेखा हिने उघडलं. मालनबाई खाली बसून मेथी निवडत होत्या, आणि दोन वर्षांची नात श्रेया काड्या पळवत होती.

कचरूने सगळं सांगितलं. तारा, ब्रिज, घरी राहिलेलं गोणपाट, फळ्या. "ताई, तुमचा आवाज गेला नव्हता. माझ्या डब्यानं खाल्ला. आता पहिल्यावाणी लावून आणलंय सगळं."

मालनबाईंचे हात थांबले. "तुमाला कवा कळलं हे?"

"तिथंच. स्टेजवर."

"म्हंजी जीपमधी बसायच्या आधी?"

"व्हय."

त्यांनी दोन-चार काड्या निवडल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिचं नाव ठेवलं तवा," त्या म्हणाल्या, "बाया पाळणा म्हण म्हणून लई मागं लागल्या. जन्मभर दुसऱ्याच्या लेकरांचे म्हणले, आपल्या नातीचा म्हण म्हणत्यात. मी म्हणलं, नगं बाई, हसं हुईल. मोबाईलवर लावला कुणाचा तरी, आन् मी तिकडं चुलीपाशी जाऊन बसले."

गिटारच्या पिशवीची चेन अर्धी उघडत कचरू म्हणाला, "आता म्हणा की ताई. मी लई हळू वाजवतो."

मालनबाईंनी नातीच्या मुठीतली मेथीची काडी हळूच सोडवून घेतली.

"ती आता पाळण्यात मावत नाय, भाऊ."