जो हालत नाय तो मानूस नाय

आज सकाळी बायकोने माझा जहाजावरचा जुना नारिंगी बॉयलर सूट पेंढा भरून आंब्याच्या बागेत उभा केला. माकडांनी यंदा कैऱ्यांचा फडशा पाडलाय. त्या सुटाला अजून डिझेलचा वास येतो. तो नाकात गेला आणि मी थेट एडनच्या आखातात जाऊन पोचलो.

आमचं मालवाहू जहाज भरलेलं, म्हणून पाण्यात खोल बसलेलं आणि संथ. चाच्यांच्या भीतीने कठड्याला काटेरी तार गुंडाळली होती. असलेच सूट चिंध्यांनी भरून आम्ही पहारेकरी म्हणून उभे केले होते, डोक्याच्या जागी रंगाचे रिकामे डबे. भर दुपारी मागून एक होडी आमच्या रोखाने आली. तिच्यात जहाजावर चढायची लांब शिडी दिसली, म्हणजे चाचेच.

आमचे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, बुरोंडीचे गणपतदादा, शांतपणे म्हणाले, "माकडाला पन समजतं रे, जो हालत नाय तो मानूस नाय. चला, आपन मधी उभं ऱ्हावया."

आम्ही बुजगावण्यांच्या मधे जाऊन उभे राहिलो. कुणी हात हलवला, कुणी दुर्बीण डोळ्याला लावली. तापलेलं लोखंड बुटांतून चटके देत होतं, पण जागा कुणी सोडली नाही. होडी बराच वेळ मागे रेंगाळली आणि मग वळली.

तेव्हा मला वाटलं होतं, बुजगावण्यांनी आपल्याला वाचवलं.

आज माकडं त्या सुटासमोर बसून निवांत कैऱ्या खात होती. "काही उपयोग नाही हो याचा," बायको म्हणाली.

"होईल," म्हटलं, आणि सुटाशेजारी जाऊन उभा राहिलो.